ऑर्किडच्या नोंदी: वहीत, एक्सेलमध्ये की मोबाइलवर?

मागच्या खेपेला फुलांनी लगडलेलं डेन्ड्रोबियम ऑर्किड यंदा नुसतीच पिल्लं (खोडावर फुटणारी छोटी रोपं) देतं, तेव्हा आपण वेगळं काय केलं हे आठवता आठवत नाही. नोबिल गटातल्या डेन्ड्रोबियमना थंडीच्या दिवसांत पाणी बेताचं आणि खत बंद लागतं. त्यात चूक झाली की कळ्यांच्या जागी पिल्लं फुटतात. पण चूक झाली की नाही हे ठरवायला दोन वर्षांची पाणी-खताची नोंद शेजारी ठेवून बघता आली पाहिजे. माझ्या मते नोंदीची पद्धत निवडताना हीच कसोटी लावावी.

वहीचा मोठा फायदा म्हणजे ती झाडांपाशी असते. ओल्या हातानंही पेन्सिल धरता येते आणि नवं मूळ दिसताक्षणी लिहून होतं. मात्र रोजनिशीसारखी तारीखवार वही ठेवू नका. मी दोन वर्षं तशी ठेवली आणि एकाच कॅटलियाची हकीकत शोधायला अख्खी वही चाळावी लागली. दर झाडाला स्वतंत्र पान द्या: वरच्या भागात नाव, कधी आणलं, कुंडी कधी बदलली, माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरतो ते) कोणतं, खाली फुलांच्या नोंदी. माध्यम म्हणून वापरलेली झाडाची साल दोनेक वर्षांत कुजून भुगा होते आणि मुळांची हवा कोंडते. म्हणून कुंडी बदलल्याची तारीख ही त्या पानावरची सर्वांत कामाची ओळ.

वही कमी पडते ती झाडांची आपसात तुलना करताना. तिथे एक्सेल सरस. फॅलेनॉप्सिसचा फुलदांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत साधारण दोन ते तीन महिने जातात. दांडा कधी दिसला, पहिलं फूल कधी उमललं, शेवटचं कधी गळलं, दांड्यावर किती फुलं आली, असे चारच रकाने तीन हंगाम भरले की कोणतं झाड कधी फुलणार याचा अंदाज बांधता येतो. किमान-कमाल तापमानाचा रकाना जोडला तर आणखी उलगडा होतो, कारण फॅलेनॉप्सिसचा दांडा सहसा काही आठवडे गारवा मिळाल्यावरच निघतो. अडचण एकच: एक्सेल झाडांपाशी नसतं. ‘रात्री भरू’ म्हटलेल्या नोंदी आठवणीतून भरल्या जातात आणि तारखा सरकतात. पंधरा-वीस झाडं असतील तर एक्सेलच्या वाटेला जाऊच नका, वही पुरे.

मोबाइलचे फोटो सोपे वाटतात आणि त्यांच्यावर तारीख आपोआप पडते. पानांचा रंग, कंदांची जाडी, फुलाचा आकार हे शब्दांत नीट उतरत नाही, फोटोत उतरतं. कुंडी बदलताना उघड्या मुळांचा फोटो तर घ्यायलाच हवा. पुढच्या वेळी मुळं वाढली की सडली हे त्याच्याशी ताडून पाहता येतं. पण फोटो पाणी-खताबद्दल काही सांगत नाही आणि गॅलरीत तो हरवतोही लवकर. चौकटीत कुंडीतली नावाची पट्टी दिसेल असाच फोटो काढावा.

ॲपबद्दल मी थोडा साशंक आहे. ठरलेल्या दिवशी ‘पाणी घाला’ म्हणणारी आठवण ऑर्किडला मारक ठरू शकते, कारण पाण्याची गरज वारानुसार नाही, माध्यम किती वाळलं आणि हवा कशी आहे यावर ठरते. ॲप घ्यायचंच असेल तर सगळ्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, हे आधी तपासा.

यातलं काहीही निवडा, कुंडीतल्या पट्टीला पर्याय नाही. ऑर्किडच्या संकर जातींची नोंदणी ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे होते. एकदा पट्टी हरवली की नुसतं फूल बघून ते नोंदलेलं नाव खात्रीनं परत मिळत नाही. म्हणून नावासोबत क्रमांकही द्या, उदाहरणार्थ 24-07, म्हणजे 2024 मध्ये आणलेलं सातवं झाड. वनस्पतिशास्त्रज्ञ नावं बदलतात, सोफ्रोनायटिस या ऑर्किड गटाच्या जाती कॅटलिया गटात गेल्याच. क्रमांक मात्र तोच राहतो आणि वही, एक्सेल, फोटो तिन्हींना जोडतो. मार्करची शाई उन्हात उडते. खरखरीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीनं लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकतं. दुसरी तशीच पट्टी माध्यमात खोल पुरून ठेवा.

माझ्याकडे आता झाडागणिक पानांची वही आहे, आणि फक्त फुलांच्या तारखा महिन्यातून एकदा वहीतून एक्सेलमध्ये उतरवते. नव्यानं सुरुवात करणार असाल तर जुन्या तारखा आठवत बसू नका. ज्या झाडाची कुंडी आधी बदलाल, त्याचं पान आधी उघडा.