दूरदर्शन-आकाशवाणीचा पैसा कुणाच्या हातून यावा? चार देशांच्या चार तऱ्हा

आजोबांच्या ट्रंकेत परवा रेडिओच्या लायसन्सची पुस्तिका सापडली. पासबुकाएवढी, पोस्टाच्या शिक्क्यांनी काळवंडलेली. दर वर्षी पोस्टात जायचं, 15 रुपये भरायचे आणि त्या वर्षाच्या पानावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. टीव्ही आला तसं त्याचंही लायसन्स आलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सरकारनं हे सगळंच बंद केलं. तेव्हापासून आपल्याला वाटतं की आकाशवाणी-दूरदर्शन फुकट आहे. पैसे आपण आजही देतोच, फक्त ते करातून जातात, त्यामुळे कळत नाही.

हा खर्च सरकारनं करावा का, असा वाद निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आमच्या कराच्या पैशावर हे चोचले कशाला? दुसरा म्हणतो, बाजारावर सोडलं तर पीकपाण्याची माहिती कोण देणार? मी दुसऱ्या बाजूचा, पण मला खरा प्रश्न निराळाच वाटतो. पैसा कुणाच्या हातून येतो आणि त्या हातापुढे किती वेळा उभं राहावं लागतं? तुमचं मत अजून ठरलं नसेल तर याच कसोटीवर चार देश पाहा.

भारत : दरसाल अनुदान

आणीबाणीत आकाशवाणीला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणायचे. त्या अनुभवानंतर जनता सरकारनं या माध्यमांच्या स्वायत्ततेसाठी पत्रकार बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्वायत्ततेचा कायदा मात्र 1990 साली झाला आणि पुढं सात वर्षं कपाटात पडून राहिला. मधल्या काळात, 1995 साली, सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती होते आपले पी. बी. सावंत. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती अस्तित्वात आली.

कागदावर ही स्वायत्त संस्था आहे. पण पगाराचा पैसा माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अनुदानातून येतो, आणि तो दरसाल अर्थसंकल्पात ठरतो. रक्कम अडीच हजार कोटींच्या आसपास किंवा वर. 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत कामावर असलेले कर्मचारी कायद्यानं केंद्र सरकारचेच नोकर, प्रसार भारतीत प्रतिनियुक्तीवर मानलेले. म्हणजे साहेब एका ठिकाणी आणि पगार दुसऱ्या ठिकाणाहून. 2018 च्या सुरुवातीला मंत्रालय आणि प्रसार भारतीचं बिनसलं, तेव्हा मंत्रालयानं पगाराचे पैसे सोडले नाहीत आणि आम्ही ते राखीव निधीतून भागवले, असं तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश जाहीरपणे म्हणाले. मंत्रालयानं ते नाकारलं. कोण खरं हे बाजूला ठेवलं, तरी असा वाद होऊ शकतो यातच पुरेसं आलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि इथं नाक कुठं आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

याची झळ आपल्यापर्यंतही पोहोचते. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली आणि आदेश स्थगित झाला. बातमीपत्र वाचलं याचा आनंद आहेच, पण बंद करणंही दिल्लीहून आणि चालू ठेवणंही दिल्लीहून!

एक जमेची बाजू आहे. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर वाहिन्यांसाठीच्या जागांचा लिलाव होतो, त्यातून खासगी वाहिन्यांकडून दरसाल शेकडो कोटी मिळतात. हा पैसा कुणापुढे हात न पसरता मिळतो, याची चर्चा फारच कमी होते.

ब्रिटन : लायसन्स फी

आपण सोडलेली पद्धत ज्यांनी धरून ठेवली, ते हे. 2025 च्या एप्रिलमध्ये ही फी वर्षाला 174.50 पौंड झाली. लंडनमधल्या मराठी घरात बीबीसी कधीच लागत नसेल, फक्त एखादी मराठी वाहिनी लाइव्ह लागत असेल, तरी फी भरावी लागते. न भरणं हा गुन्हा आहे, आणि खटले भरल्या गेलेल्यांत बायकांचं प्रमाण फार मोठं असतं, कारण दारावर माणूस येतो तेव्हा घरात त्याच असतात. मला ही फी यासाठीच खटकते. गरिबाला आणि लखपतीला एकच आकडा.

आणि स्वातंत्र्याचं म्हणाल तर आकडा सरकारच ठरवतं. 2022 मध्ये सरकारनं फी दोन वर्षं 159 पौंडांवर गोठवली. त्याआधी 2015 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या मोफत लायसन्सचा भार सरकारनं स्वतःच्या डोक्यावरून काढून बीबीसीच्या डोक्यावर ठेवला. पुढं बीबीसीनं ती सवलत बहुतेकांची काढली आणि शिव्याही बीबीसीनंच खाल्ल्या. राजकारण म्हणून चाल पक्की होती.

तरी आपल्यापेक्षा एक गोष्ट बरी. बीबीसी ज्या राजसनदेवर चालते ती दहा-अकरा वर्षांची असते, सध्याची 2027 अखेर संपते. फीचे करारही काही वर्षांचे असतात, त्यामुळे दर फेब्रुवारीला जीव टांगणीला लागत नाही.

जाता जाता एक गंमत. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली बीबीसी मराठी ही सेवा लायसन्सच्या पैशातून निघाली नव्हती. ब्रिटिश सरकारनं परदेशी भाषांतल्या सेवांच्या विस्तारासाठी 28 कोटी 90 लाख पौंड जादा दिले, त्यातून ती आली. म्हणजे आपल्या फोनवर मराठीत बातम्या याव्यात म्हणून तिकडच्या सरकारनं खिशात हात घातला. जगात आपलं वजन राहावं, हा त्यामागचा हिशोब उघड आहे.

अमेरिका : आगाऊ मंजुरी

इथं 1967 च्या कायद्यानं सार्वजनिक प्रसारणासाठी एक महामंडळ केलं, सरकार आणि रेडिओ-टीव्ही केंद्रं यांच्यामध्ये. पुढं काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दोन वर्षं आधीच रक्कम मंजूर करू लागली, म्हणजे आज रागावलेल्या पुढाऱ्याला आजचा पैसा अडवता येऊ नये. कल्पना चांगली होती. 2025 च्या जुलैमध्ये ट्रम्प सरकारच्या मागणीवरून काँग्रेसनं मंजूर झालेले 1.1 अब्ज डॉलर परत काढून घेतले. सिनेटमध्ये 51 विरुद्ध 48, प्रतिनिधिगृहात 216 विरुद्ध 213. ऑगस्टमध्ये महामंडळानं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

मोठी नावं तगून आहेत, कारण त्यांना देणग्या आणि प्रायोजक मिळतात. फटका बसला तो अलास्कासारख्या भागातल्या छोट्या केंद्रांना. तिथं सरकारी पैसा हाच मुख्य आधार होता.

जर्मनी : मध्ये आयोग

गोबेल्सच्या रेडिओनं काय केलं हे ज्यांनी पाहिलं, त्यांनी सरकारला प्रसारणापासून लांब ठेवणं घटनेचाच भाग मानलं. 2013 पासून टीव्ही असो वा नसो, घरटी वर्गणी. सध्या महिन्याला 18.36 युरो. केंद्रांनी आपली गरज सांगायची, स्वतंत्र तज्ज्ञ आयोगानं ती तपासून आकडा सुचवायचा आणि सोळा राज्यांनी संमती द्यायची. राज्याला आकडा आवडला नाही म्हणून नाही म्हणता येत नाही.

2020 अखेर सॅक्सनी-आनहाल्ट या एकट्या राज्यानं 86 सेंटची वाढ अडवून धरली. प्रकरण तिथल्या घटना न्यायालयाकडे गेलं आणि 2021 मध्ये न्यायालयानं वाढ स्वतःच लागू केली. पुढची शिफारस 18.94 युरोची होती, तीही राज्यांनी वेळेत मंजूर केली नाही आणि केंद्रं पुन्हा कोर्टात गेली. म्हणजे राजकारण इथंही आहेच, पण तिथं अडवणाऱ्याला कोर्टात कारण द्यावं लागतं.

मग आपल्याकडे काय?

लायसन्स परत आणायला माझा ठाम विरोध. वसुलीचा खर्चच डोईजड होईल आणि गावोगाव शिपाई दारात उभे राहतील. घरटी वर्गणीही आपल्या उत्पन्नातल्या दऱ्या पाहता अन्यायाचीच. पैसा करातूनच यावा, पण जर्मनीचा आयोग उचलावा. तो आपल्याला परकाही नाही. केंद्र आणि राज्यांमधली करवाटणी दर पाच वर्षांनी वित्त आयोग सुचवतोच. तसाच एक आयोग प्रसारणासाठी असावा, पाच वर्षांची रक्कम एकदम ठरावी, आणि फ्री डिशचं उत्पन्न त्यातून वजा करू नये, नाहीतर संस्थेनं कमावण्याचा उत्साह का दाखवावा?

एवढं करूनही प्रसार भारती कायद्याचं कलम 23 उरतंच. त्यानुसार देशाच्या सार्वभौमत्वाच्या किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणानं अमुक दाखवा, तमुक दाखवू नका, असे निर्देश केंद्र देऊ शकतं. ते कुणी काढेल असं मला वाटत नाही. सत्तेत येणाऱ्या प्रत्येक पक्षाला विरोधात असताना स्वायत्तता हवी असते, आणि 1990 चा कायदा कपाटात होता त्या सात वर्षांत दिल्लीत जवळजवळ सगळ्यांचीच सरकारं येऊन गेली होती.