ऑक्युपेशनल थेरपीचा प्रोजेक्ट: कोणती संशोधनपद्धत घ्यावी?

विषय ठरला की पहिला प्रश्न येतो, ‘सॅम्पल किती घेऊ?’ त्याआधी हातात किती महिने आहेत आणि तसे पेशंट खरोखर किती येतात, हे बघा. दोन गटांतला मध्यम फरक (इफेक्ट साइझ, म्हणजे फरकाचं माप, ०.५) ८० टक्के पॉवरने, म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता ठेवून, पकडायचा, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. एकट्या विद्यार्थ्याला सहसा हे झेपत नाही.

म्हणून बरेच जण एकच गट घेऊन उपचाराआधी आणि नंतर मोजणी करतात. सोपं आहे, पण निष्कर्ष लंगडा राहतो. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हात आपोआपही सुधारतो. मग श्रेय थेरपीचं की काळाचं, हे सांगता येत नाही.

माझा कौल सिंगल-केस डिझाइनला, म्हणजे प्रत्येक पेशंटची तुलना त्याच्याच आधीच्या मोजणीशी करण्याला. तीन-चार पेशंट पुरतात, मात्र मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. समजा, शर्टाची बटणं लावायला किती सेकंद लागतात हे मोजायचंय. थेरपीआधी किमान ३, शक्यतो ५ वेळा मोजा आणि प्रत्येकाची थेरपी वेगवेगळ्या आठवड्यात सुरू करा. ज्याची थेरपी सुरू झाली त्याचाच आलेख दर वेळी वळला, तर दाव्यात दम येतो. थेरपी थांबवून पुन्हा मोजण्याचा प्रकार इथे नको. शिकलेलं कौशल्य पुसलं जात नाही. बेसलाइनच (थेरपीआधीची मोजणी) खूप वरखाली होत असेल, तर मात्र ही पद्धत अवघड जाते. आणि तीन पेशंटवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

दिलेला स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) घरी वापरला का जात नाही, असा प्रश्न असेल तर आकडे कामाचे नाहीत. तिथे मुलाखतीच हव्यात. माणसं कमी लागतात म्हणून ही पद्धत सोपी समजू नका: तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज जातात, कोडिंग, म्हणजे उत्तरांतले मुद्दे शोधून त्यांना नावं देणं, वेगळंच.

सर्व्हे लवकर होतो, पण एका वेळच्या सर्व्हेतून कारण सिद्ध होत नाही. प्रश्नावली स्वतः बनवण्यापेक्षा आधी तपासलेली वापरा.

पेशंट मिळतच नसतील किंवा एथिक्स कमिटीची मंजुरी लांबणार असेल, तर स्कोपिंग रिव्ह्यू, म्हणजे विषयावर आधी काय काय संशोधन झालंय याचा पद्धतशीर आढावा. तो कसा करायचा यासाठी आर्क्सी आणि ओमॅली यांची २००५ची चौकट आणि रिपोर्टमध्ये काय काय लिहायचं यासाठी २०१८ची प्रिस्मा-एससीआर चेकलिस्ट हाताशी असते. लेख निवडायला दुसरा माणूस लागेल, तो आधीच गाठून ठेवा.