मरीन प्लायच्या नावाखाली पार्टिकल बोर्ड : ४,०६,५०० रुपयांचा अनुभव

रत्नागिरी परिसरात जे कोणी भिंतीत बसवलेले फर्निचर करून घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी ॲडव्हान्स देण्यापूर्वी हे वाचावे. मी ज्याला काम दिले तो रस्त्यावरचा भामटा नव्हता. त्याचे शोरूम होते, आमच्या नात्यातल्या घरांची कामे त्याने केली होती आणि कोटेशनवर ‘आयएस ७१० मरीन प्लाय’, म्हणजे ओलाव्यात टिकणारे, लाकडाच्या पातळ थरांचे प्लायवूड, असे स्वच्छ छापलेले होते. ट्रॉल्या, छतापर्यंतचा वॉर्डरोब, खिडकीखालचा कप्प्यांचा बाक आणि गाद्या ठेवण्याचा पेटीचा पलंग, असे मिळून ४,८५,००० रुपये ठरले. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येतात, त्यांची अंथरुणे ठेवायची कोठे हा आमच्याकडचा जुनाच प्रश्न. त्यामुळे हा खर्च हौसेचा होता असे कोणी म्हणू नये.

ॲडव्हान्स २,४२,५०० रुपये, माल उतरल्यावर १,४५,५०० आणि पलंगाच्या हायड्रॉलिकसाठी ऐनवेळी रोख १८,५००. रोखीची पावती ‘शेवटच्या बिलात धरू’ या शब्दावर राहिली, ती राहिलीच.

माल आला तो कापून, लॅमिनेट चिकटवून, कडांना पट्टी मारून. नमुन्याच्या तुकड्यावर शिक्का होता. आलेल्या फळ्यांवर तो दिसण्याची सोयच ठेवली नव्हती. तरीही एक क्षण असा होता, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. बिजागरीची वाटी बसवण्यासाठी सुतार दाराला ३५ मिलिमीटरचे गोल भोक पाडत होता. प्लायमधून लाकडाचे पापुद्रे निघतात आणि भोकाच्या आत एकावर एक थर दिसतात. येथे तांदळाच्या कण्यांसारखा सुटा भुसा माझ्या पायांवर पडत होता, म्हणजे हा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड होता. मी विचारले, तर ‘काका, बिट नवीन आहे, म्हणून असं पडतं,’ असे म्हणून त्याने वाटी ठोकून भोक बंद केले. आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केलेल्या माणसाने यावर काय बोलावे? तुम्ही मात्र त्या भोकात टॉर्च मारून पाहा आणि वाटी बसू देऊ नका.

जुलैत सिंकखालच्या ट्रॉलीचा तळ फुगला, कडेची पट्टी सुटली, वॉर्डरोबच्या दाराचे स्क्रू बोर्डासकट बाहेर आले आणि ज्या बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या म्हणून लावल्या होत्या, त्यांना खाऱ्या हवेत गंज चढला. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येणारच. म्हणून भिंत आणि कपाटाची पाठ यांत फट ठेवायची असते, ती न ठेवता पातळ हार्डबोर्ड थेट भिंतीला चिकटवला होता. गणपतीत पलंगाची पेटी उघडली तेव्हा बुरशी लागलेल्या गाद्या पाहुण्यांसमोर बाहेर काढाव्या लागल्या. सुटे कपाट असते तर उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवले असते. हे काढायचे म्हणजे फोडायचे.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ हे एकच वाक्य ऐकायला मिळाले. छापील कोटेशनमध्ये एक वस्तू आणि भिंतीत दुसरी, ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणतात, हे तेथील कोणी सांगितले नाही. अर्जाची पोच देतानासुद्धा उपकार केल्याचा भाव होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली, तर विक्रेत्याने उत्तर दिले नाही एवढे कळवून ती बंद करण्यात आली. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही हे खरे. पण बोर्डाची प्रयोगशाळेत तपासणी करायची तर तिचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. म्हणजे ज्याला लुबाडले त्यानेच पुन्हा खिशात हात घालायचा, आणि वर कारकुनाने विचारायचे, ‘जीएसटीचे बिल का घेतले नाही?’ ते त्याने दिले असते तर मी नाकारले असते काय?

प्लायचे शीट अखंड असतानाच, घरात, डोळ्यांसमोर कापून घ्या. आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा आणि शिक्क्याचा फोटो ठेवा. लॅमिनेट चिकटवलेला माल उतरवूनच घेऊ नका. रोख देऊ नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, ‘पावसाळा जाऊ दे, मग बघतो’ या आश्वासनांत ती घालवू नका.

मी फुगलेल्या तळाचा एक तुकडा कापून तारखेसह पिशवीत बंद केला आहे आणि तक्रार आयोगात दाखल आहे. त्या गृहस्थाने मात्र वकिलामार्फत मलाच नोटीस धाडली आहे : उरलेले ७८,५०० नव्हे, तर ९७,००० रुपये व्याजासह द्यावेत. रोख घेतलेले १८,५०० त्याच्या हिशेबात कोठेच नाहीत.