आरामखुर्ची घेताय? खोकं तिथेच उघडा

अण्णांना दुपारी जेवण झालं की गॅलरीत आरामखुर्ची लागते. जुनीचं कॅनव्हास विरलं होतं, म्हणून मे महिन्यात एका हॉलमधल्या प्रदर्शनातून दोन नव्या घेतल्या, प्रत्येकी 2,400 रुपयांना. मांडलेल्या खुर्चीत अण्णा स्वतः बसले, हात फिरवून पाहिला. विक्रेता म्हणाला, "ताई, अस्सल सागवान, कापड शंभर टक्के सुती." पैसे दिल्यावर त्याने मागून दोन बंद खोकी आणली आणि आम्ही ती तशीच रिक्षात घातली.

मांडलेली खुर्ची एक आणि खोक्यातली दुसरीच! रंग तोच, घडी तशीच, त्यामुळे घरीही कळलं नाही. चौथ्या दिवशी अण्णा टेकले आणि वरच्या दांडीपाशी कापड टर्रकन फाटलं. वय 78. कमरेला मुका मार बसला, आठ दिवस ते अंथरुणावर होते. डोकं कठड्यावर आपटलं असतं तर? अजून जीव घाबरा होतो.

मग मी तो तुकडा नीट पाहिला. दांडी ओवायच्या नेफ्यावर सगळा भार येतो, तिथे एकच शिलाई, तीही लांब टाक्यांची. कड जेमतेम अर्धा इंच दुमडलेली. एक धागा ओढून पेटवला. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टर वाईटच असतं असं नाही, पण सुती सांगून का विकायचं? सुतारकाकांनी पायाला रंधा मारला, तर पॉलिशखाली पांढरट, हलकं लाकूड.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. विक्रेत्याचं नाव, पत्ता विचारला. आमच्याकडे फक्त कच्ची पावती, तिच्यावर ना पत्ता ना जीएसटी क्रमांक. प्रदर्शन तर केव्हाच उठलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते, जी खुर्ची घरी न्यायची तीच उघडून तिच्यात बसा. दांडी काढून नेफा उलटा करून बघा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर 'सागवान', 'सुती' हे शब्द लिहून मागा. विक्रेता का-कू करू लागला तर सरळ निघा.

जुन्या खुर्चीला आता ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड सुती कॅनव्हास घातलंय, नेफा दुहेरी दुमडून, तीन शिलाया मारून. तरी अण्णा बसण्याआधी दांडी हाताने दाबून बघतात.