बोटीचं इंजिन बांधायला (ओव्हरहॉलला) दिलं तर जुने पार्ट सोडू नका, आमचे तीन लाख गेलेत

जरा लांबलं तर सांभाळून घ्या, पण पावसाळ्याच्या बोटी वर निघाल्यात आणि ओळखीतले दोघंतिघं आत्ताच इंजिनं खोलायच्या बेतात आहेत म्हणून लिहायला बसलो.

बोट मामांची. छत्तीस फुटी, फायबरची, जुनी मोटर यॉट. यॉट म्हटलं की लोकांना सिनेमातली पांढरीशुभ्र बोट दिसते, ही तशी काही नाही, दोन बंक, एक संडास आणि बाराही महिने डिझेलचा वास. रेवदंड्याच्या खाडीत असते. इंजिनं दोन, दोन्ही पर्किन्स ४.२३६, म्हणजे चार सिलिंडर आणि २३६ घनइंच, लिटरमध्ये ३.९ च्या आत. हेच इंजिन मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरला पण यायचं त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं अजून मिळतं, मामा त्याचं फार कौतुक करायचे. तेच कौतुक आम्हाला पुढे नडलं.

मागच्या वर्षी मे मध्ये उजवं इंजिन सकाळी सेल मारला की निळा धूर टाकायला लागलं, ऑईल पण खात होतं. डावं मात्र एकदम व्यवस्थित, हे लक्षात ठेवा. शेजारच्या बोटवाल्याने एक मिस्त्री सांगितला. माणूस आला, चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण काढलं, वर तळहात धरला, वास घेतला आणि म्हणाला शेठ दोन्ही बांधून टाका, एक नवं एक जुनं असं जुळ्या इंजिनांना चालत नाही. बोलणं इतकं गोड की मामा म्हणाले करून टाकू. दोन्हीचे मिळून ३ लाख ४० हजार ठरले. त्यात लायनर, पिस्टन, रिंगा, मेन आणि बिग एंड बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, नोझल आणि डिझेल पंप सर्व्हिस. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वर लागेल म्हणाला, आम्ही पण हुशार, अठरा टक्के वाचवले. साध्या कागदावर हिशोब घेतला आणि टप्प्याटप्प्याने ३ लाख दिले.

जून-जुलैमध्ये मी दोनदा शेडवर जाऊन आलो. इंजिनं खोललेली, बाजूला नव्या पिस्टनची खोकी एकावर एक रचलेली. मी खोक्यांचे फोटो काढून मामांना पाठवले. खोक्यात काय आहे ते उघडून बघितलं नाही. जुने पार्ट कुठे आहेत हे तर डोक्यातच आलं नाही, भंगार घेऊन काय करायचंय असं वाटलं.

सप्टेंबरमध्ये ट्रायल. आम्ही पोचलो तेव्हा इंजिनं आधीच गरम. म्हणाला सकाळपासून दोनदा चालवून बघितली शेठ, तुमच्यासमोर काही निघायला नको. मला वाटलं काय तळमळीचा माणूस आहे! आता कळतंय की थंड इंजिनाचा पहिला सेल हाच खरा, तेव्हा निघणारा धूरच सगळं सांगतो, आणि समोरचा तुम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवत असेल तर हात लावून बघा आणि सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. त्या दिवशी ऑईल प्रेशरचं घड्याळ ६० पीएसआयवर. धूर नाही. नवीन हिरवा रंग इतका चकाचक की त्यात तोंड दिसावं. खाडीतच हळूहळू एक चक्कर मारली, मामांनी नारळ फोडला, वर दोन हजार बक्षीस.

पुढच्या महिन्यात जंजिऱ्याला गेलो. जाताना उजवं इंजिन २७०० ला जातंय आणि डावं २२०० च्या वर हलतच नाही. म्हटलं बोटीखालच्या पंख्याला कालवं बसली असतील. नांगर टाकून जेवलो आणि निघताना डावं, म्हणजे ते चांगलं असलेलं डावं इंजिन, सुरूच होईना. बॅटरी ठीक, डिझेल येतंय, सेल नुसता फिरतोय. आमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, काय केलं, गोणपाटाचा तुकडा पाण्यात भिजवून डिझेल पंपावर गुंडाळला आणि वर थंड पाणी ओतत राहिला. पाच-सात मिनिटांत इंजिन सुरू! मी खूश, तो नाही. म्हणाला, "शेठ, ह्यो पंप आपला नाय."

ह्या इंजिनाला सीएव्ही कंपनीचा डीपीए नावाचा डिझेल पंप असतो. आतला रोटर झिजला की गरम झाल्यावर डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं, नोझल उघडण्याइतकं प्रेशर होत नाही. थंड केला की परत चालतो. ट्रॉलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पाठ असतं, आपल्याला नाही. घरी आल्यावर पंपावरची पितळी प्लेट शोधली तर तिच्यावर पण हिरवा रंग मारलेला. रुपयाच्या नाण्याने खरवडत बसलो, एकेक आकडा वर आला. दोन वर्षांपूर्वी सील मागवायचे होते म्हणून मी ह्याच प्लेटचा फोटो काढला होता, तो मोबाईलमध्ये सापडला. नंबर वेगळा. कोड पण वेगळा. त्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे इंजिनावर लोड नसताना जास्तीत जास्त किती आरपीएम (मिनिटाला फेरे) ते, आणि ते आमच्यापेक्षा कितीतरी कमी. दारूखान्यातल्या एका पंपवाल्याला फोटो दाखवले, तो हसला, म्हणाला हा ट्रॅक्टरवरचा आहे. आमचा चांगला पंप गेला आणि कुठल्यातरी शेतातला थकलेला पंप आमच्या बोटीत आला.

मग संशय आला म्हणून उजव्याचं ऑईल मीच बदलायला घेतलं. नट काढल्यावर ऑईल पडायला हवं, ते काकवीसारखं तार धरून उतरत होतं. इंजिन ऑईल नव्हतंच ते, किंवा असलं तरी त्यात गिअर ऑईल ढोसलेलं. नेहमीचं १५डब्ल्यू४० भरलं, अर्धा तास चालवलं, गरम झाल्यावर काटा आयडलला ८ वर आणि फुल स्पीडला जेमतेम २०. मॅन्युअलप्रमाणे गरम असताना फुल स्पीडला ३० पीएसआयच्या खाली जायला नको. ट्रायलचे ते ६० म्हणजे घट्ट ऑईलची कमाल होती.

चेनपुली लावून इंजिन उचललं, दुसऱ्या फिटरकडून खालचं ऑईलचं चेंबर उतरवलं. हिशोबाच्या कागदावर लिहिलंय क्रँक ०२० ला ग्राइंड, नवीन ०२० बेअरिंग, म्हणजे क्रँक वीस हजारांश इंच घासून बारीक केला आणि त्या मापाची बेअरिंग टाकली. बेअरिंगच्या पाठीवर साईज छापलेला असतो बरं का, उलटं करून वाचता येतं. आमच्या बेअरिंगवर एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, न घासलेल्या क्रँकचा साईज. म्हणजे क्रँक मशीनवर चढलाच नाही, आणि बेअरिंग जुनीच, वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसायला लागलेलं. पिस्टन मात्र नवीन निघाले, खोटं कशाला बोलू. डाव्यात आमचेच पिस्टन धुऊन परत बसवलेले, म्हणजे ज्या इंजिनाला काहीच झालं नव्हतं त्याचे निम्मे पैसे नुसते खोलून मिटायचे, आणि वर पंप गेला.

फोन केला तर म्हणे पंप तुमचा खराब निघाला, मी माझ्याकडचा चांगला बसवून दिला, उपकार करायला गेलो तर असं. जुना कुठाय? भंगारात. बेअरिंगचं विचारलं तर ग्राइंडिंगवाल्याने फसवलं असेल. वकिलाने कागद बघितला आणि त्यावर ना सही ना शिक्का म्हणून परत दिला.

आता ज्यांची इंजिनं शेडवर जाणार आहेत त्यांनी एवढं करा, खोलायच्या आधी पंप, स्टार्टर, अल्टरनेटर, हीट एक्स्चेंजर सगळ्याच्या प्लेटचे आणि नंबरचे फोटो काढून त्याच्यासमोरच व्हॉट्सॅपवर टाका, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात भरून मला हवा असं पैसे ठरवतानाच सांगा. तोंड वाकडं झालं तर तिथेच कळेल. बेअरिंग बसवायच्या दिवशी रजा काढून जा आणि ट्रायलच्या आधी ऑईल स्वतःच्या डब्यातलं भरा. मायक्रोमीटर आपल्याला वाचता येत नसला तरी हातात धरून उभं राहायला काय जातंय.

उजवं आता परत बांधून झालंय, ह्यावेळी क्रँक खरंच ०२० ला गेला, मी लेथसमोर स्टूल टाकून बसलो होतो. डाव्याच्या पंपाला अजून पैसे जमलेले नाहीत, तोपर्यंत गोणपाटाचा तुकडा बोटीतच ठेवलाय. आणि परवा मिस्त्रीचा फोन, नंबर नवीन, आवाज तोच. सीझन संपत आला शेठ, ते राहिलेले चाळीस हजार कधी देताय?