उतारवयात मेंदूसाठी काय निवडावे: रक्तदाबाचे यंत्र, चालणे, कोडी की नवी लिपी?

साठी उलटली की विसराळूपणा वाढू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत निघतो आणि त्याला उत्तरेही भरपूर मिळतात. शेजारी ब्राह्मीच्या गोळ्या सुचवतात, पुण्यात नोकरी करणारा मुलगा मोबाईलवर कोड्यांचे ॲप घालून देतो, डॉक्टर चालायला सांगतात आणि भजनी मंडळातील मंडळी संध्याकाळी या म्हणून मागे लागतात. हे सगळेच करणे फार थोड्यांना जमते. बहुतेकांकडे दिवसाचा एखादा मोकळा तास आणि पेन्शनमधून बाजूला काढता येतील असे हजार-दोन हजार रुपये असतात, आणि ते कशावर खर्च करावेत हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा आहे.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून निघाला. स्त्रियांमध्ये, शाळेत न गेलेल्यांमध्ये आणि खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. दुसऱ्या बाजूला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सगळी दूर करता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असे म्हटले. हा हिशेब संपूर्ण समाजाचा आहे, त्यातून एका व्यक्तीला हमी मिळत नाही. पण कोणत्या गोष्टीला आधी हात घालावा हे त्यावरून नक्की ठरवता येते.

रक्तदाबाचे यंत्र आणि स्मरणशक्तीची बाटली

ही तुलना आधी घेतली पाहिजे, कारण दोन्हींना लागणारे पैसे साधारण सारखेच आहेत. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे यंत्र दीड-दोन हजार रुपयांत मिळते आणि काही वर्षे टिकते. स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पाक यांवर तेवढी रक्कम काही महिन्यांतच संपू शकते.

बाटलीच्या बाजूने पुरावा किती आहे? जिन्को या वनस्पतीच्या अर्काची अमेरिकेत कसून परीक्षा झाली. सरासरी सहा वर्षे चाललेल्या या प्रयोगात ७५ वर्षे व त्यापुढील ३,०६९ जणांपैकी निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. डिमेन्शियाचे प्रमाण अर्कामुळे कमी झाले नाही, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राह्मीवरचे प्रयोग लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. त्यांपैकी काहींत आठवणीच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, मात्र त्यावरून डिमेन्शिया टळतो असे म्हणता येत नाही. ‘ब’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे डिमेन्शिया टाळण्यासाठी म्हणून घेऊ नयेत, असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. यात एक अपवाद महत्त्वाचा आहे. शुद्ध शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता पुष्कळदा आढळते, आणि या कमतरतेमुळे विसरणे, हातापायांना मुंग्या, तोल जाणे असे त्रास होऊ शकतात. त्यासाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि कमतरता निघाली तर डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा घ्यावी. अंदाजाने बाटली आणू नये.

रक्तदाबाचे पारडे याहून पुष्कळ जड आहे. वाढलेला दाब मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे झिजवत राहतो, आणि बाहेरून काहीही न जाणवता मेंदूच्या लहान-लहान भागांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अमेरिकेतील ९,३६१ जणांच्या एका प्रयोगात वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटाची तुलना १४० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटाशी केली गेली. त्यात स्मृती आणि विचारशक्तीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कमी निघाले, जरी खुद्द डिमेन्शियातील फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता (२०१९). याचा अर्थ प्रत्येकाने आपणहून गोळ्या वाढवाव्यात असा मुळीच नाही. वयस्कर माणसाचा दाब फार उतरला तर उठताना चक्कर येते आणि पडून डोक्याला मार लागण्याची भीती असते, म्हणून आकडा किती ठेवायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे.

घरी मोजताना मात्र बहुतेकांची घाई होते. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, बिडी काही नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. बाही वर सरकवून उघड्या दंडावर पट्टा बांधावा आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. दवाखान्यात धावपळीत घेतलेल्या एका आकड्यापेक्षा अशी आठवडाभराची नोंद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. जेवणातील लोणचे, पापड आणि सांडगी मिरची यांचा हिशेबही याच वहीशी जोडलेला आहे, कारण मिठाने दाब चढतो. धूम्रपानही वरील १४ कारणांत मोडते. निपाणीच्या परिसरात तंबाखू हे पीक आहे आणि बिडी हा हजारो घरांचा रोजगार, त्यामुळे तिथल्या माणसाला बिडी सोडणे किती जड जात असेल याची मला कल्पना आहे. तरीही सोडण्याचा फायदा उतारवयातसुद्धा मिळतो, हे सांगितलेच पाहिजे.

चालणे आणि मोबाईलवरील कोडी

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२० वयस्कर व्यक्तींपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे जोमाने चालण्याचा व्यायाम केला, तर उरलेल्यांनी फक्त ताण देण्याचे हलके व्यायाम केले. आठवणींशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला आणि दुसऱ्या गटात साधारण १.४ टक्के आक्रसला. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. परंतु चालण्याने रक्तदाब, साखर, झोप आणि मन या चारही गोष्टींना हातभार लागतो, आणि हे सुडोकूने होत नाही.

कोडी अगदीच निरुपयोगी आहेत असेही नाही. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील २,८३२ जणांच्या प्रयोगात तीन गटांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकाचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले आणि चौथा गट प्रशिक्षणाविना ठेवला, तेव्हा ज्याने ज्याचा सराव केला त्यात त्याची प्रगती झाली. तर्क आणि वेग यांतील फायदा तर दहा वर्षांनीही टिकलेला दिसला. अडचण अशी की एका कौशल्यात झालेली प्रगती दुसऱ्यात फारशी उतरत नाही. शब्दकोडे रोज सोडवणारा शब्दकोड्यात तरबेज होतो, औषधाची वेळ लक्षात ठेवण्यात होईलच असे नाही. ‘लुमोसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने वयाबरोबर येणारा ऱ्हास थोपवण्याचे दावे पुराव्याशिवाय केल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. वर्तमानपत्रातील कोडे आवडत असेल तर जरूर सोडवावे. ॲपची वर्गणी भरण्याचे कारण मला दिसत नाही.

एकच तास असेल तर तो चालण्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरतो, आणि आठवड्याला १५० मिनिटे हे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान प्रमाण आहे. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला किल्ला तलाव आहे, आणि खेड्यात शिवारातली वाट असतेच. खरी अडचण जूनपासून येते. बेळगावचा पाऊस, आणि खानापूरचा तर त्याहून जास्त, तीन-चार महिने चालण्याची सवय मोडून टाकतो. त्या दिवसांत घराच्या सोप्यात किंवा मंगल कार्यालयाच्या रिकाम्या सभागृहात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या घालाव्यात. शेवाळलेल्या फरशीवर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर हट्टाने जाऊन पाय घसरण्यापेक्षा ते बरे. डोक्याला झालेली इजा हेही त्या १४ कारणांपैकी एक आहे, आणि मुलाच्या दुचाकीवर मागे बसणाऱ्या आजोबांना हेल्मेट लागते ते त्यासाठीच.

कानाचे यंत्र

याची तुलना कशाशीच करता येत नाही, कारण ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ते पहिल्या क्रमांकावर येते आणि ज्याला नाही त्याला ते लागतच नाही. लॅन्सेट आयोगाच्या हिशेबात ऐकू कमी येण्याचा वाटा ७ टक्के आहे, म्हणजे सर्वात मोठ्या वाट्यांपैकी एक. ऐकू येत नसलेला माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो. घरचे त्याला विसराळू समजतात, आणि मुळात त्याने ते ऐकलेलेच नसते. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांच्या तीन वर्षांच्या प्रयोगात (२०२३) यंत्र आणि मार्गदर्शन मिळालेल्यांत एकंदरीत फरक दिसला नाही, पण आधीपासून जोखीम जास्त असलेल्या गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. आधी कानातील मळ तपासून घ्यावा, मग श्रवणचाचणी करावी. यंत्र महाग असते, मात्र दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र देण्याची तरतूद आहे.

नवे काही शिकायचे तर कन्नड लिपी

ज्यांचे चालणे सुरू आहे, दाब आटोक्यात आहे आणि बुद्धीलाही काम द्यायचे आहे, त्यांना मी ॲपऐवजी हा पर्याय सुचवीन, आणि तो सीमाभागातील मराठी माणसाला फुकट उपलब्ध आहे.

हैदराबादच्या निम्स संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि हा फरक शाळेत न गेलेल्या रुग्णांतही दिसला (२०१३). दोनपेक्षा जास्त भाषांचा वेगळा फायदा मात्र आढळला नाही. हा रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आहे, त्यामुळे भाषेनेच आजार लांबला असे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि साठीत सुरू केलेल्या शिक्षणाचा तोच लाभ होईल असेही तो सांगत नाही. तरीही घरी मराठी, बाजारात कन्नड आणि प्रसंगी हिंदी किंवा दख्खनी असे रोज भाषा बदलत जगलेल्या आपल्या आई-आजींना या निष्कर्षाने हुरूप यावा.

आपल्याकडे कन्नड कानावर पडलेली, तोंडात थोडीफार बसलेली, पण लिपी परकी राहिलेली माणसे पुष्कळ आहेत. ती लिपी शिकण्यात मेंदूला जे श्रम होतात ते कोड्यापेक्षा फार वेगळ्या प्रतीचे आहेत: डोळ्याला नवा आकार ओळखायचा, कानाला ठाऊक असलेल्या ध्वनीशी त्याची सांगड घालायची आणि हाताने तो वळवायचा. वर्णमालेचा क्रम तोच, क ख ग घ. ‘ळ’ सुद्धा आहे. नवे म्हणजे ए आणि ओ यांच्या ऱ्हस्व आणि दीर्घ अशा वेगळ्या खुणा, आणि जोडाक्षरात दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहिण्याची रीत. सरावासाठी बसस्थानकावरील पाट्या उत्तम, कारण गावांची नावे आधीच पाठ असतात. आपली निपाणी तिथे ‘निप्पाणी’ असते आणि प च्या खाली दुसरा प लटकलेला दिसतो. चिकोडीचे ‘चिक्कोडी’ होते आणि क च्या खाली क येतो. रोज दोन पाट्या वहीत उतरवल्या तरी पुरे. जमिनीचा उतारा, रेशनचे कागद आणि वीजबिल स्वतः वाचता येऊ लागले की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि या वयात ही गोष्ट लहान नाही. सीमाप्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो, अक्षर ओळखल्याने ती ढळत नाही, तशी मराठीवरची मायाही आटत नाही.

भजनी मंडळ आणि वाचनालय

एकटेपणा हेही त्या १४ कारणांत आहे. भजन की वाचनालय याचा निवाडा स्वभावाने करावा. भजनात पाठांतर, ताल, श्वास आणि सोबत एकाच वेळी मिळतात, फक्त वर्षानुवर्षे तेच अभंग न म्हणता महिन्याला एखादा नवा चालीसकट पाठ करावा. वाचनाची आवड असलेल्यांनी वाचनालयात जाऊन नुसते वर्तमानपत्र चाळून परत येऊ नये, वाचलेल्याबद्दल कोणाशी तरी बोलावे. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांच्या तयारीत निवृत्त माणसांना कामे मिळतात, ती घ्यावीत.

ठरवताना

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवरील देखरेख हे सगळे एकत्र दिले, तेव्हा विचारशक्तीच्या चाचण्यांत फायदा दिसला (२०१५). म्हणजे एक निवडले की बाकीचे कायमचे सोडले, असे होऊ नये. फक्त क्रम लावायचा आहे. माझा क्रम असा: कानाची शंका असेल तर कान, नंतर दाब आणि साखर, मग चालणे, त्यानंतर माणसांत मिसळणे आणि लिपी, कोडी उरलेल्या वेळात, आणि बाटली तपासणीत कमतरता निघाली तरच. गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर खुर्चीत बसून करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयात बसते. पण रोजच्या गणपत गल्लीतून घरची वाट चुकणे, तोच प्रश्न पाच मिनिटांत पुन्हा विचारणे, पैशांचा साधा हिशेब न जमणे किंवा एकाएकी स्वभाव बदलणे अशी लक्षणे दिसली तर वरीलपैकी कोणताही पर्याय सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी, कारण थायरॉईड, बी-१२, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम ही उपचार होण्याजोगी कारणेही त्यामागे असू शकतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात सुरुवात करता येते, आणि धारवाडची मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थाही फार लांब नाही. जाताना सगळ्या चालू औषधांची पाकिटे, रक्तदाबाची वही आणि रोज सोबत राहणारे घरातील एक माणूस बरोबर न्यावे. लक्षणे केव्हापासून दिसू लागली हे पुष्कळदा त्या माणसालाच नीट सांगता येते.