तोडणारा की सांगणारा: घरच्या गेम कन्सोलला स्विच आणि आवाजाची चावी बसवताना

भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत रास्पबेरी पाय ३ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर रेट्रोपाय हे जुने व्हिडिओ गेम चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं आणि वेंगुर्ल्याच्या घरी, पडवीत, कन्सोल सुरू झाला. डबा आमच्या सुताराने फणसाच्या फळीचा करून दिला. दिसायला देखणा, पण चालू करायचा तर प्लग खोचायचा, बंद करायचा तर प्लग उपटायचा, आणि आवाज कमी करायला खेळ सोडून मेनूत शिरायचं. गणपतीला घरात वीसेक माणसं येणार, त्यात पोरंच सात-आठ. चतुर्थीच्या आत स्विच आणि आवाजाची चावी दोन्ही बसवायचं ठरलं आणि मी पर्याय जमवायला लागलो. तुम्हीही इथेच अडला असाल तर माझ्या खटपटीचा उपयोग करून घ्या.

दुकानात रॉकर, स्लाइड, पुश असे स्विचचे दहा प्रकार मिळतात. मी त्यांच्या दोनच जाती मानतो: एक वीज तोडणारा, दुसरा कॉम्प्युटरला ‘आवर आता’ म्हणून सांगणारा. आवाजालाही हीच वाटणी लागू पडते. पॉट, म्हणजे रेडिओला असते तशी फिरती चावी, थेट सिग्नललाच आवळतो, बटणं सॉफ्टवेअरला विनंती करतात. माझा कौल आधीच सांगून टाकतो: विजेसाठी सांगणारा घ्या, आवाजासाठी तोडणारा. अपवाद आहेत, ते ओघात येतील.

वीज

लहानपणी पिवळ्या कॅसेटवाला व्हिडिओ गेम आपण खट्कन बंद करायचो आणि त्याला काही होत नसे. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हती, बहुतेक कॅसेटींत काही लिहिलंही जात नसे. १९८९च्या गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलचा स्विचही साधा सरकता होता. तो चालू केला की आतली पट्टी कॅसेटच्या खाचेत जाऊन बसे आणि खेळ चालू असताना कॅसेट ओढता येत नसे. एवढीच काय ती काळजी.

रास्पबेरी पायचं तसं नाही. आत अख्खं लिनक्स चालतं, आणि ते एसडी कार्डावर मागच्या मागे काहीतरी लिहीत असतं. नेमक्या त्या क्षणी वीज तुटली तर फाईल अर्धवट राहते, कधी कार्डच उठत नाही. शिवाय खेळातला ‘सेव्ह’ रेट्रोआर्च, म्हणजे रेट्रोपायमधला खेळ चालवणारा प्रोग्रॅम, सहसा खेळातून बाहेर पडताना कार्डावर उतरवतो. म्हणजे पोराने दोन तास खेळून, सेव्ह करून, वर स्विच मारला तर ते दोन तास गेलेच. मग घरात जो आकांत होतो तो मी ऐकलाय.

तोडणाऱ्या स्विचात सगळ्यात सोपी ती मध्येच स्विच असलेली यूएसबी केबल. खोचली की झालं. पण बहुतेकींच्या आतल्या तारा केसासारख्या बारीक. पाय ३ ला ५ व्होल्टवर अडीच अँपिअरचा चार्जर लागतो, पाय ४ ला तीनचा. हिशेब करा: तार आणि स्विच मिळून ०.२ ओहम रोध झाला आणि अडीच अँपिअर वाहायला लागले, तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च. चार्जर ५.१ देतो, पायपर्यंत ४.६ पोहोचतात, आणि साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पडद्यावर पिवळ्या विजेचं चिन्ह चमकायला लागतं. लोक मग चार्जरला शिव्या घालतात.

रॉकर त्याहून बरा. मात्र त्याच्यावरचं ‘६ अँपिअर, २५० व्होल्ट’ वाचून हुरळू नका, तो आकडा एसीचा. आपल्याकडे खरी अडचण हवेची आहे. आधीच्या एका प्रयोगात मी रॉकर वापरला होता. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. दिवाळीत तो उघडला तेव्हा पितळी पात्यावर हिरवट थर होता, नखाने खरवडला तर भुकटी पडली. स्विच ‘चालू’ होता, पण हात लागला की कन्सोल रिस्टार्ट व्हायचा. अडीच अँपिअर ज्या जागेतून जायचे ती जागा खाऱ्या हवेत अशी सडते. इवल्या स्लाइड स्विचाचा तर या कामी विचारच नको, ते अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेरचे असतात.

आता सांगणारा. पायवर बाहेरची बटणं वगैरे जोडायला पिनांची रांग असते; अशा पिनांना जीपीआयओ म्हणतात. त्या रांगेत पाचवी पिन जीपीआयओ ३ आणि तिच्या समोरची सहावी ग्राउंड. या दोघींमध्ये दाबून सुटणारं साधं बटण जोडायचं, दोन-पाच रुपयांचं. कॉन्फिग फाईलमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’ या ओव्हरलेची, म्हणजे तयार सेटिंगची, एक ओळ टाकायची. मग बटण दाबलं की पाय रीतसर आवरून झोपतो, आणि झोपलेला असताना तेच बटण दाबलं की उठतो. उठवण्याची ही सोय या पिनेला मुळातच आहे, म्हणून दुसरी पिन घेऊ नका. जोडताना जपा: सहावीच्या शेजारची चौथी पिन ५ व्होल्टची आहे आणि जीपीआयओला ३.३ च्या वर सोसत नाही. एक घर चुकलं तर पिन गेली, कदाचित पायही.

खाऱ्या हवेचा मुद्दा इथे उलटतो. या पिनेवर १.८ किलोओहमचा रेझिस्टर बोर्डावरच आहे, त्यामुळे बटणातून दोन मिलिअँपिअरही वाहत नाहीत. बटणाच्या पात्यावर गंज चढून शे-दोनशे ओहम रोध आला तरी पायला दाबलेलं कळतं. रॉकरला ०.२ ओहम जड, याला दोनशे हलके. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

उणी बाजूही आहे. झोपलेला पाय थोडी वीज खात राहतो आणि लाल दिवा जळत राहतो. लाईट जाऊन परत आली की तो आपणहून सुरू होतो. श्रावणातल्या एका संध्याकाळी आमचा कन्सोल असा तीनदा उठला. म्हणून भिंतीवरचा बोर्डाचा स्विच आहेच: आधी बटण, लाल दिव्याशेजारचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग भिंतीवरचा. पोरांना हा क्रम एका दिवसात पाठ झाला, मोठ्यांना अजून झालेला नाही.

हा क्रम नको असेल तर तिसरा मार्ग लॅचिंग बोर्डाचा. त्यात मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. बटण दाबलं की तो पायला सांगतो, पाय आवरून झाल्यावर एका पिनेवर इशारा देतो, मग बोर्ड वीज पुरती तोडतो. बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा कन्सोल करत असाल तर डोळे झाकून हाच, कारण तिथे झोपेतली गळतीही बॅटरी रिकामी करते. डब्याच्या कन्सोलला मला तो जास्तीचा वाटला. पाय ५ घेणार असाल तर ही सगळी चर्चा सोडा. २०२३ च्या त्या मॉडेलला बोर्डावरच पॉवर बटण आहे आणि बाहेर बटण काढायला दोन पॅडही दिलेत.

लाईट अचानक जाण्यावर मात्र कोणताच स्विच उतारा नाही. रेट्रोआर्चच्या सेटिंगमध्ये सेव्ह दर काही सेकंदांनी आपोआप उतरवायची सोय आहे, ती चालू करून ठेवा.

आवाज

पहिला प्रश्न: आवाज कुठून येणार? एचडीएमआयने टीव्हीतून येत असेल तर पॉट विसरा, त्या वाटेत तो बसतच नाही. टीव्हीचा रिमोट आहे, विषय मिटला. आमच्या पडवीत जुना मॉनिटर आहे, त्याला स्पीकर नाहीत, म्हणून ही यातायात.

सांगणाऱ्या प्रकारात दोन बटणं किंवा गोल फिरणारा एन्कोडर जीपीआयओला जोडतात आणि मागे एक स्क्रिप्ट चालू ठेवतात. डब्यावर देखणं दिसतं, झिजायला फारसं काही नाही. पण कन्सोल सुरू होताना स्क्रिप्ट जागी होईपर्यंत आवाज असेल तो असेल, आणि खेळ अडकला तर भोंगा वाजत राहतो. दुसरं, पाय ३ आणि ४ च्या ऑडिओ जॅकमधून मुळातच बारीक सूं येते. सॉफ्टवेअरने खेळाचा आवाज घटवला तरी ती सूं तेवढीच राहते, उलट शांततेत जास्त कानात जाते.

पॉट जॅक आणि अँप्लिफायरच्या मध्ये बसतो, त्यामुळे खेळाचा आवाज आणि सूं दोन्ही एकदम खाली येतात. अगदी पहिल्या क्षणापासून तो चालतो आणि त्याला स्क्रिप्ट लागत नाही. आरतीच्या वेळी आतून आईची हाक आली, “अरे, तो आवाज कमी कर मरे!”, आणि सहा वर्षांच्या पोरीने न विचारता चावी डावीकडे फिरवली. मेनू तिला वाचता येत नाही.

घेताना १० किलोओहमचा, दोन थरांचा, सहा पिनांचा घ्या, डाव्या-उजव्या आवाजासाठी. अंगावर ‘ए’ छापलेला असावा, ‘बी’ नको. ‘बी’ सरळ चढतो; पहिल्या पाव फेरीतच आवाज भस्सकन वाढतो आणि उरलेली फेरी फुकट जाते. आमचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चाकरमान्याच्या पिशवीतून आला, आणि अर्थातच पहिल्यांदा ‘बी’ आला.

अँप्लिफायर म्हणून पॅम ८४०३ चा इवला बोर्ड पुरतो, ५ व्होल्टवर चालतो. पॉट बोर्डावरच असलेला प्रकारही मिळतो, शून्याला नेला की ‘टक्’ करून बंद होणारा. ती टक् अँप्लिफायरपुरतीच ठेवा, तिच्यातून पायची वीज नेऊ नका. आणि या बोर्डाच्या स्पीकरच्या उणे तारा ग्राउंडला किंवा एकमेकींना कधीच जोडायच्या नाहीत. चारही तारांवर सिग्नल असतो.

याच कारणाने त्या बोर्डावर हेडफोन लावता येत नाही, आणि इथे माझा कौल फिरतो. हेडफोन हवा असेल तर तो थेट पायच्या जॅकला लावा आणि आवाज बटणांनी, सॉफ्टवेअरमधून चालवा, कारण १० किलोओहमच्या पॉटमागून हेडफोन नीट वाजत नाही. आयटूएस या डिजिटल जोडणीवर चालणारा मॅक्स ९८३५७ए अँप्लिफायर घेतलात तरी हेच. त्यात आवाज डिजिटल येतो, पॉट घालायला जागाच नसते. पाय झीरो आणि पाय ५ ला हेडफोनचा जॅकच नाही, त्यामुळे तिथे बहुतेकदा या वाटेने जावं लागतं.

खारी हवा पॉटलाही सोडत नाही, हे कबूल. एका पावसाळ्यानंतर तो खरखरायला लागेल. टीव्ही दुरुस्तीवाले करतात तेच करायचं: फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि वीसेक वेळा गरगर फिरवणं. पॉट बिघडला तर खरखर होते, रॉकर बिघडला तर कार्ड जातं. मी खरखर पत्करली.

लाकडी डबा करणाऱ्यांसाठी एक. पॉटच्या मानेवरचे आटे जेमतेम सहा-सात मिलिमीटर असतात आणि आमची फणसाची फळी बारा मिलिमीटरची. नट धरायला आटेच बाहेर येईनात. शेवटी सुताराने आतून वाटीसारखी खोबणी कोरून दिली, बटणालाही तशीच. हेडफोनच्या जॅकसाठी तिसरं भोक मी उत्साहाच्या भरात आधीच पाडून घेतलं होतं. ते अजून रिकामंच आहे; मुंग्या जाऊ नयेत म्हणून तूर्त त्यात कापूस कोंबलाय.